डुलकीपंत जागे होते

दि. २ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
टिल्लूचा शि. सा. न. वि. वि.

मी, तुझा धाकटा भाऊ, वय वर्षे छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, घरात टिल्लू या नावाने व नळ-तोट्यांच्या कारखान्यात भांडारप्रमुख या हुद्द्याने ओळखला जाणारा, हे पत्र एका निश्चित हेतूने लिहीत आहे. यंत्रांच्या वार्षिक देखभालीसाठी आमचा कारखाना तीन आठवडे बंद राहणार आहे. त्या सुट्टीत गारूंचे सहा जुने चित्रपट, ओळीने, एकही गाणे न गाळता, आईला दाखवण्याचे मी योजिले आहे. याची रीतसर पूर्वसूचना तुला व भाऊजींना असावी, हा तो हेतू.

ही गोष्ट फोनवर सांगता आली असती. परंतु तू दवाखान्यात ड्यूटीवर असतेस, फोन भाऊजी घेतात, आणि माझे वाक्य पुरे होण्याआधी स्वतःचे सुरू करतात. पत्रात त्यांना ती सोय नाही.

गारू कोण, हे तुला सांगायला नकोच. तेलुगू पडद्यावरील त्या जाड मिशांच्या दैवताचे खरे नाव वाचण्याइतके तेलुगू आपल्यापैकी कोणालाच कधी आले नाही. पडद्यावर जो तो त्यांना आदराने गारू गारू करी, म्हणून आपणही तेच धरले. मी विकत आणलेल्या संचातील डीव्हीडी तबकड्यांवर खाली इंग्रजी अक्षरे उमटवण्याची सोय आहे. ती मी बंद ठेवली आहे. चाळीस वर्षे भाषेवाचून जे नीट समजले, ते आता वाचून बिघडवण्यात अर्थ नाही.

सुरुवात अर्थातच आईच्या आवडत्या लॉरीवाल्याने. काल अंथरुणावर पडल्या पडल्या मी तो सबंध आठवून पाहिला. प्रारंभीच गारूंची आई जाते. गारू त्या दुष्ट खाणमालकास बडवून काढतात, मोठ्या खुर्चीवर बसतात, आणि भिंतीवरच्या आईच्या तसबिरीपुढे एकटेच रडतात. मध्यंतर होते. मग पडद्यावर सर्वांची नावे येतात. आधी काम, मग नाव, ही त्या लोकांची रीत मला फार आवडे. त्यानंतर गारू खुर्ची, वैभव, मिशा, सर्व सोडून पुन्हा साधे लॉरीवाले होतात. कपाळावरची जखम भरून येते, वय उतरते, आणि आई परत येते. अखेरीस ती दारातून हाक मारते, गारू हॉर्न वाजवतात, दोघे हसतात, चित्र थांबते. एवढे खोल तत्त्वज्ञान मला पदवीच्या एकाही पुस्तकात आढळले नाही. गेलेली आई परत कशी येते, हे मात्र भाषेअभावी कधी कळले नाही. मी लहानपणी विचारले असता आई म्हणाली होती, की ते विचारायचे नसते.

व्यवस्था पुढीलप्रमाणे आहे. तपासल्याशिवाय कोणताही माल भांडारातून बाहेर द्यायचा नाही, या माझ्या नियमास अनुसरून प्रत्येक तबकडी सकाळी मी एकटा पाहीन आणि संध्याकाळी आईस दाखवीन. आईची खुर्ची पडद्यासमोर मधोमध. चित्रपट चालू असता कोणी उठायचे नाही, दारावरची घंटा वाजली तरी नाही. आमच्या सौ.ने श्वास घेण्यास परवानगी आहे का, असे विचारले. आहे, असे मी सांगितले.

भाऊजींना माझा नमस्कार सांग. गारूंचा चित्रपट जागेपणी पाहण्याची त्यांना ही पहिलीच संधी आहे, तेव्हा त्यांनी अवश्य यावे.

कळावे. लोभ आहे तेवढा ठेवावा. वाढवल्यास हरकत नाही.

तुझा आज्ञाधारक,
टिल्लू


दि. ५ डिसेंबर

चि. टिल्लूस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतकी हसले, की वॉर्डातल्या पेशंटांनी मला काय झालं म्हणून विचारलं. अरे, आईला सिनेमा दाखवतोस की तिची वार्षिक तपासणी करतोस? तिला मधे उठावंसं वाटलं तर उठू दे बाई. ऐंशी वर्षांची आहे ती, तुझ्या भांडारातली तोटी नाही.

मला सुट्टी नाही. मुख्य परिचारिका झाले म्हणजे बाकीच्यांच्या सुट्ट्या मंजूर करायच्या आणि आपण मात्र तिथेच राहायचं, असा अर्थ निघाला. पण मी मनाने तिथेच आहे. मला ते कालव्यापलीकडचं थिएटर अजून जसंच्या तसं दिसतं. लोखंडी खुर्च्या, ढेकूण, आणि पडद्याला बरोबर गारूंच्या कानाच्या जागी भोक. आठवतं? आपल्या गल्लीच्या तोंडाशी चांगलं नवं थिएटर होतं, पंखे होते, गाद्या होत्या. पण आई आपल्याला हाताला धरून पार कालवा ओलांडून तिकडे न्यायची. दोन्हीकडे लागायचा सिनेमा तोच. मी एकदा रडले होते पाय दुखतात म्हणून. तर म्हणाली, तिकडचा चांगला असतो. बाबा गेले ना, त्याच वर्षी हे सुरू झालं. त्याआधी आपण कुठे सिनेमाला जायचो?

आता ह्यांच्याबद्दल. तू त्यांना पुन्हा चिडवलंस, आणि मी पत्र मोठ्याने वाचत होते, त्यामुळे व्हायचं ते झालं. तुम्ही दोघे त्या एका वाक्यावरून तेहतीस वर्षं भांडताय. आमचं लग्न ठरलं त्या बैठकीत, सासूवर छाप पाडायची म्हणून ह्या बिचाऱ्यांनी लॉरीवाल्याचा विषय काढला. म्हणाले, शेवटी आई नाही आणि गारू एकटेच तसबिरीपुढे रडतात, ते पाहून मलाही रडू आलं. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, आणि म्हणाली, जावईबापूंना डुलकी लागली असेल, शेवट म्हणतायत ते मध्यंतर आहे. सगळे खो खो हसले. मीही हसले, टिल्लू. तेव्हापासून ते डुलकीपंत. चष्म्याचं दुकान आहे, अख्ख्या गावाला दिसायला लावतात, पण आपल्या घरात त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं काही कोणी खरं मानत नाही. मागे आपल्या मामांची पिशवी कुणी उचलली ते ह्यांनी स्वतः पाहिलं होतं, तरी मामा म्हणाले, तुम्ही जागे होतात का नक्की?

ते वेगळं पत्र लिहितायत. लिहिताना टेबल हलतंय.

आईच्या गुडघ्याला तेल लाव. वहिनीला माझा लोभ, तुला धपाटा.

तुझी,
ताई


दि. ५ डिसेंबर

श्री. मेहुणेबुवा यांस,
स. न. वि. वि.

तुमचे निमंत्रण पोचले. जागेपणी पोचले, ही नोंद घ्यावी.

आता पुरे झाले. तेहतीस वर्षे मी तुमच्या घरी जेवायला बसलो की कोणीतरी माझ्या पाठीला उशी आणून देतो. मी काही बोलत नाही, हसतो, उशी घेतो. पण आता तबकडी आली आहे. तबकडीला सासू नसते, मेहुणा नसतो. जे आहे ते दाखवते. मी आज लेखी पैज लावतो.

लॉरीवाल्याच्या शेवटी गारूंची आई जिवंत निघाली, तर मी माझ्या मिशा काढीन. या मिशा मी गारूंना पाहूनच ठेवल्या, तुमच्या ताईने त्यांना पाहूनच होकार दिला, आणि त्या गेल्या तर दुकानात गिऱ्हाईक मला ओळखणार नाही, हे लक्षात घेऊन सांगतो आहे. पण जर शेवटी ती बाई नसली आणि गारू तसबिरीपुढे एकटे रडले, तर तुम्ही तुमच्या त्या कारखानी भाषेत एक दाखला तयार करायचा, की प्रस्तुत गृहस्थ सबंध चित्रपटभर जागे होते. आणि तो उभे राहून, मोठ्याने, सासूबाईंसमोर वाचायचा. त्यांच्यासमोरच. नाव त्यांनी ठेवले, तेव्हा काढायचे तेही त्यांच्याच कानांवर घालून.

दुसरे काही नको मला. उशी तेवढी परत घ्या.

आपला (टक्क जागा),
भाऊजी


दि. १० डिसेंबर

ती. भाऊजींस,
कृ. सा. न. वि. वि.

आपली पैज मी दि. ७ रोजी स्वीकारली. त्यानंतर घडलेली हकिगत, आपल्याला आनंद होईल हे माहीत असूनही, जशीच्या तशी कळवणे माझे कर्तव्य आहे.

लॉरीवाल्याची तबकडी सदोष निघाली. ती सुरू होताच नावे आली. काम होण्याआधीच नावे! पाठोपाठ गारू बिनमिशांचे, तरुण, लॉरी धूत असलेले. आणि दारात त्यांची आई, ठणठणीत. मी तबकडी काढून पुसली व पुन्हा लावली. तेच. मधोमध हॉर्न वाजला, दोघे हसली, चित्र थांबले, आणि आम्ही ज्याला समाप्तीचा शब्द समजत आलो तो शब्द उमटून चित्र पुढे चालू झाले. पुढच्याच प्रवेशात आई गेली. शेवटी गारू मोठ्या खुर्चीवरून उठले, तसबिरीपुढे जाऊन एकटेच रडले, आणि आम्ही ज्याला मध्यंतराचा शब्द समजत आलो तो शब्द उमटून पडदा काळा झाला. मी बराच वेळ काळ्या पडद्यासमोर बसून होतो. चित्रपट पुढे सुरू होईल अशी माझी अपेक्षा होती.

दुकानदाराकडे मी लेखी तक्रार केली, की भरणीच्या वेळी दोन अर्धांची अदलाबदल झाली आहे. त्याने निमूटपणे दुसरा संच दिला. तोही तसाच. मग मी उरलेले पाचही चित्रपट तपासले. एका नगात दोष असला तर तो अपघात. प्रत्येक नगात तोच दोष असला तर ती पद्धत होय, हे मला इतकी वर्षे भांडारात काढल्यावर समजायला हवे. सहाही चित्रपटांत मध्यंतर झाले रे झाले, की आई जाते.

माझ्या मनाचा गोंधळ आपण समजून घ्यावा. आधी आलेला माल आधी बाहेर द्यावा, या एका सूत्रावर माझी नोकरी उभी आहे, आणि त्याच माणसाने आयुष्यभर गारूंना उलट्या बाजूने जमा करून घेतले की काय? शिवाय नायिका! आमच्या माहितीप्रमाणे ती प्रथम पत्नी असते, मग प्रेयसी होते, आणि शेवटी विहिरीपाशी तिची ओळख होते. मी स्वतःचा संसार याच क्रमाने केला आहे. सौ.च्या मते आमची ओळख अद्याप व्हायची आहे.

आई रोज संध्याकाळी, आपण बनवून दिलेला नवा चष्मा लावून, खुर्चीत तयार बसते. यंत्र बिघडले आहे, असे मी तिला सांगितले आहे. त्यावर ती म्हणाली, की गावभरच्या नळांना पाणी आणणाऱ्या माणसाला घरातली एक पेटी चालू करता येत नाही, हे कारखान्यात कळवायला हवे.

पैजेचा निकाल मी तूर्त राखून ठेवत आहे. एकच चित्रपट दोन शुद्धीवरच्या माणसांनी दोन प्रकारे पाहिला, याचे कारण सापडेपर्यंत दाखला देणे नियमात बसत नाही.

लोभात खंड पडू देऊ नये, ही विनंती.

आपला,
टिल्लू


दि. १२ डिसेंबर

श्री. मेहुणेबुवा,
स. न. वि. वि.

कारण सापडले. नाचत लिहितो आहे, अक्षराला हसू नका.

मी तो चित्रपट पाहिला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, नव्या थिएटरात. तुम्ही पाहिलात कालव्यापलीकडे. दोन्हींचा मालक एकच, आठवतो ना, तो गारूवेडा? दोन्हीकडे खेळ एकाच वेळी सुरू व्हायचा. आणि आमच्या वडिलांचे दुकान होते कालव्याच्या पुलावर.

तिथे गल्ल्याशी बसून मी रोज एक गंमत पाहायचो. दुपारच्या खेळाच्या मध्यावर इकडून एक सायकलवाला यायचा, तिकडून एक. दोघांच्या मागे मोठाले गोल डबे. पुलाच्या मध्यावर उतरायचे, डबे एकमेकांना द्यायचे, घाम पुसायचे, आणि आल्या वाटेने परत. मला वाटायचे, बिस्किटांचे डबे आहेत. हे लोक रोज एकमेकांची बिस्किटे बदलून खातात, केवढी मैत्री!

अहो, ती बिस्किटे नव्हती, ते गारू होते! प्रिंट एक, थिएटरे दोन. आमच्याकडे पूर्वार्ध चालू असताना तुमच्याकडे उत्तरार्ध चालू, मध्यावर अदलाबदल. तेलुगू कोणाला येत नव्हते, तेव्हा तक्रार कोण करणार? तुम्ही सगळ्यांनी गारूंचे सगळे आयुष्य शेपटाकडून पाहिलेत, आणि झोपलेला ठरलो मी!

मी रविवारी येतो. तुमची ताई ड्यूटीवर आहे, एकटाच येईन. दाखला तीन प्रतींत हवा. एक सासूबाईंना, एक मला, एक मामांना.

आपला विजयी,
भाऊजी

ता. क. उशी नको.


दि. १४ डिसेंबर

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

ह्यांचं पत्र मिळालंच असेल. शेजारच्यांनाही सायकलवाल्याची गोष्ट सांगून झाली आहे. मी इतक्या वर्षांत त्यांना असं खूश पाहिलं नाही.

पण मला रात्रपाळीत एक सुचलं आणि मग काही केल्या डोक्यातून जाईना. दाखला आईसमोर वाचायचा म्हणजे आईला सांगायचं, की लॉरीवाल्याची आई परत येत नाही. एकाही सिनेमात येत नाही. ती मेली की मेलीच, आणि गारू एकटाच राहतो.

टिल्लू, तू लहान होतास. बाबा गेल्यावर ती घरात नुसती भिंतीकडे बघत बसायची. कालव्यापलीकडच्या थिएटरातून परत येताना मात्र गुणगुणायची. पुलावर आलो की आपल्या दोघांचे हात हलवायची. ती जे बघून यायची ते आता तिला खोटं होतं म्हणून सांगायचं का? ह्या वयात? तीही उभं राहून, तीन प्रतींत?

आणि दुसरीकडे हे. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि बायको असून मी हसले त्यांना. दाखला देऊ नकोस असं मी कुठल्या तोंडाने सांगू? काल जेवताना मी एवढंच म्हटलं, की आईला बरं वाटेल का ते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसत बसले. त्यांच्या चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

मला काही ठरवता येत नाही. तू हिशोबी माणूस आहेस, तूच ठरव. काय होईल ते मला लगेच लिही, आणि ह्यांना नीट जेवायला घाल.

तुझी,
ताई


दि. १८ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारची हकिगत पुढीलप्रमाणे. काहीही गाळलेले नाही.

भाऊजी ठरल्या वेळी, इस्त्रीच्या शर्टात, मिशांना तेल लावून हजर झाले. सौ.ने सवयीने उशी पुढे केली आणि जीभ चावली. भाऊजींनी ती घेतली व मांडीवर ठेवली. दाखल्याच्या तिन्ही प्रती मी आदल्या दिवशी टंकलिखित करून आणल्या होत्या. मजकूर असा होता, की सदर गृहस्थ सदर चित्रपटाच्या आरंभापासून अखेरपर्यंत पूर्ण शुद्धीत व डोळे उघडे ठेवून उपस्थित होते. तुझे पत्र माझ्या खिशात होते. दोन्ही कागद एकाच वेळी पाळता येत नाहीत, हे मला दिसत होते. आणि खरे सांगायचे तर काय करायचे हे मी तोवर ठरवलेले नव्हते.

आई खुर्चीत बसली आणि मी तबकडी लावली. नावे येण्याआधीच माझा हात आपोआप पुढे झाला. मध्यंतराची जागा मी तपासणीच्या वेळी लक्षात ठेवलीच होती. तिथून चित्रपट सुरू केला. म्हणजे आपल्या रीतीने, आधी उत्तरार्ध. आधी आलेला माल मागे ठेवून मागचा आधी बाहेर दिला. माझ्या नोकरीत हे प्रथमच घडत आहे. भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहिले.

गारूंची आई गेली, खाणमालक बडवला गेला, गारू रडले. सौ. चहा घेऊन आली आणि मी नियम मोडून उठलो, दोन्ही अर्ध पुन्हा बदलले, आणि नावे आली. मग लॉरी, मग विहीर, मग दारातली आई. तिने हाक मारली, गारूंनी हॉर्न वाजवला. चित्र थांबताच मी तेथेच पडदा बंद केला. आपल्या आईने चष्मा काढून डोळे पुसले आणि तिकडचा चांगला असतो, एवढेच म्हणाली.

आता माझी पाळी होती. मी दाखला घेऊन उभा राहिलो. घसा साफ केला. तोच भाऊजी माझ्याआधी बोलू लागले. या वेळी त्यांनी माझे वाक्य तोडले याबद्दल माझी तक्रार नाही. ते आईला म्हणाले, की सासूबाई, एक सांगायचे राहून गेले होते, आज हा चित्रपट पाहिला आणि खात्री पटली. मला तेव्हा खरोखरच डुलकी लागली होती. नव्या थिएटरच्या गाद्या फार मऊ होत्या, मी मध्यंतराला जागा झालो आणि तोच शेवट समजलो. एवढे बोलून त्यांनी मांडीवरची उशी उचलून स्वतःच्या हाताने पाठीमागे लावली.

ताई, मी उभाच होतो. जिंकलेला माणूस इतक्या सहज हरताना मी कारखान्यात, घरात किंवा गारूंच्या कोणत्याही अर्धात पाहिलेला नाही.

आईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तिने त्यांना खडसावले, की डुलकीपंत, या वयात सासूशी खोटे बोलू नका. तुम्ही टक्क जागे होतात, आणि ते मला तेव्हाच माहीत होते.

पुढचे सर्व तिने चहाचा कप हातात धरून, अगदी बाजारहाटाबद्दल बोलावे तसे सांगितले. बाबा गेल्यानंतर शेजारीण तिला मन रमावे म्हणून नव्या थिएटरात लॉरीवाला दाखवायला घेऊन गेली होती. आपण दोघे शाळेत होतो. शेवटी गारू एकटे तसबिरीपुढे उभे राहिले, आणि आईला खुर्चीतून उठताच येईना. थिएटर रिकामे झाले तरी ती बसून राहिली. झाडूवाली आली, तिने सगळे विचारून घेतले, आणि सांगितले की बाई, एवढे जिवाला लावून घेऊ नका. रडायचे नसेल तर कालव्यापलीकडे जात जा, तिकडे मेलेली माणसे मध्यंतरानंतर परत येतात. दुसऱ्या दिवशी आईने तुला व मला हाताला धरले.

मी तिला विचारले, की मग भाऊजींना हे नाव का ठेवलेस? ती म्हणाली, की अरे, पोर नुकतीच लग्नाला उभी होती, तू कॉलेजातून आला होतास, तुम्ही दोघे त्या लॉरीवाल्याच्या आईवर जीव टाकायचात. हा नवा माणूस भर बैठकीत तिला मारायला निघाला. मला दुसरे काय सुचणार? त्यांचे खरे धरले असते तर तुमची दोघांची आई गेली असती. मग भाऊजींकडे वळून म्हणाली, की तुमची झोप आमच्या फार उपयोगी पडली, पण तुम्ही केलेले चष्मे मी उगाच नाही लावत. तुम्हाला बरोबर दिसते हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

भाऊजींनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. या वेळी त्याला कारण होते.

त्यानंतर मी दाखला उभे राहून, मोठ्याने, संपूर्ण वाचला. पैज ही पैज आहे. आईने तो हातात घेऊन नीट पाहिला व त्यात एक उणीव काढली. त्यानुसार तिन्ही प्रतींत माझ्या हस्ताक्षरात पुढील दुरुस्ती केली आहे: “सदर गृहस्थांखेरीज त्यांच्या सासूबाईही जाग्या होत्या; झोपलेली मंडळी म्हणजे त्यांची दोन मुले.” भाऊजींनी साक्षीदार म्हणून सही केली. मामांची प्रत याच टपालाने जात आहे. नावाबद्दल विचारले असता भाऊजी म्हणाले, की डुलकीपंत राहू द्या, आता त्याची सवय झाली आहे, आणि दुसरे एखादे याहून वाईट निघायचे. उशीसुद्धा ते घेऊन गेले.

उरलेले पाच चित्रपट रोज एक याप्रमाणे सुरू आहेत. सर्व आधी उत्तरार्ध, मग पूर्वार्ध. अर्ध बदलण्याचे काम आईने माझ्याकडून काढून सौ.कडे दिले, कारण माझे बोट तिला सावकाश वाटते. काल विहिरीपाशी नायिकेची ओळख झाली, तेव्हा सौ.ने माझ्याकडे वळून नमस्कार केला व आपण कुठल्या कारखान्यात असता, असे विचारले. मी सविस्तर उत्तर दिले.

हे पत्रही शेवटाकडून लिहावे, असे एकदा मनात आले होते. परंतु पोस्टमनने पत्ता शोधण्यासाठी ते सबंध वाचले असते.

सहावा चित्रपट आईने तुझ्यासाठी राखून ठेवला आहे. दवाखान्यातल्या बाकीच्यांच्या रजा मंजूर करून झाल्या, की स्वतःच्या अर्जावरही एक सही कर आणि ये. उत्तरार्धाला उशीर झाला तरी चालेल. पूर्वार्धाच्या अखेरीस दारात हाक मारली जाते, तेव्हा मात्र तू इथे असावीस, असे आईचे म्हणणे आहे. माझेही तेच आहे.

कळावे. लोभ मध्यंतरानंतरही असाच असावा.

तुझा धाकटा भाऊ,
टिल्लू
(भांडारप्रमुख)

स्थळ : आईच्या खुर्चीच्या डाव्या हाताला
दि. १८ डिसेंबर